कंडक्टरमामांची विचारपूस

लग्न होऊन मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत आले, तेव्हा रिक्षातून आधी माझी लोखंडी पेटी उतरवली. ती उचलायला दोघे वाकले आणि समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "काय हाय वो पेटीत एवढं जड?"

नव्या नवरीला तिच्या पेटीबद्दल कुणी भर रस्त्यात असं विचारत नाही. मी पदर सावरत कसंबसं म्हटलं, "पुस्तकं आहेत."

"कसली?"

"शाळेची."

"म्हंजे मास्तरीण हाय तुमी! परभणीकडच्या का? बोलण्यावरनं वाटलं. परभणीत कुठं, स्टेशनाजवळ का गावात? वडील काय करतात?"

पेटी घरात जाऊन पोचेपर्यंत त्या माणसाला माझे वडील पोस्टात आहेत, मला दोन बहिणी आहेत आणि मला बस लागते एवढं सगळं कळलेलं होतं. बस लागते म्हटल्यावर मात्र ते गंभीर झाले. "पुढच्या अंगाला बसत जा. अन् चालत्या गाडीत वाचायचं नाय," असं बजावून ते आपल्या घरात गेले. माझ्या सासूबाई हसत म्हणाल्या, "ते कंडक्टरमामा. मनावर घेऊ नको. आज तुझी पाळी होती."

त्यांचं नाव विठ्ठल साबळे. एसटीत कंडक्टर होते. मी पाहिलं तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, वाळकी अंगकाठी. वर्षानुवर्षं खांद्याला पिशवी अडकवल्यामुळं उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला. उभे राहायचे ते पाय फाकवून, जमीन आता वळण घेणार आहे अशा बेतानं. विचार करताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबत राहायचे. हातात तिकिटाचा चिमटा नसला तरी बोटांची सवय गेली नव्हती. घरात एकटेच असायचे. स्वतः स्वयंपाक करायचे आणि तो चालू असताना खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे.

बोलायचे म्हणण्यापेक्षा विचारायचे. "कुठं निघालात?" हा प्रश्न तर प्रत्येकाला होताच, पण त्याच्या मागून दुसरा, तिसरा असे येत राहत. डाळीला कोणती फोडणी दिली, पाहुणे कुठल्या गाडीनं आले, धाकट्याचा खोकला सकाळी जास्त असतो का रात्री. विचारताना डोळे असे लावून बसायचे की जणू समोरच्याच्या फोडणीवर त्यांचं काही अवलंबून आहे. शाळेत मी पोरांना सांगून थकले होते की प्रश्न विचारा, कुणी विचारत नव्हतं. आणि इथं हा साठीचा माणूस थांबत नव्हता. मला कुतूहल वाटायचं, हे सगळं ऐकून हा माणूस त्याचं करतो काय?

बाकीच्यांना तो वैताग वाटायचा. पिठाच्या गिरणीवाल्या जाधवांची बायको, सुमनबाई, ते येताना दिसले की गिरणी चालू करायची. आवाजात प्रश्न ऐकू यायला नको म्हणून. मामा शांतपणे गिरणी बंद होईपर्यंत उभे राहायचे आणि मग विचारायचे.

पण हळूहळू माझ्या लक्षात एक गोष्ट आली. एकदा सुमनबाईनंच त्यांना माझ्या देखत विचारलं, "मामा, त्या कोपऱ्यावरच्या घरात काल भांडणं कशाची चालली होती वो? तुमाला तर ठाऊकच असंल."

मामा म्हणाले, "त्यांलाच इचारा की. माणसं चांगली हायेत, सांगतील."

ते विचारायचे सगळ्यांना, सांगायचे कुणालाच नाहीत. गल्लीतली प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडं जायची आणि तिथंच राहायची.

आमच्या भिंतीला भिंत लागून अशोक आणि शोभा राहायचे. दोघं सोयगावकडचे. अशोक चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यात टर्नर होता, घरात त्याची आई आणि चार वर्षांची नीता. शोभा ब्लाउज शिवायची. गल्लीतल्या सगळ्या बायांची मापं तिला तोंडपाठ. तिच्या मशीनचा आवाज भिंतीतून दिवसभर यायचा, इतका की मी वह्या तपासायची त्या तालावर.

मग अशोकच्या कारखान्याला टाळं लागलं. त्या घराचं सगळं ओझं शिलाई मशीनवर आलं, आणि नेमक्या त्याच दिवसांत मशीनचा आवाज तुटक यायला लागला. थोडा वेळ चालायचं, थांबायचं. पुन्हा चालायचं. माझ्या कानांना ते जाणवत होतं, पण मी समजत होते की काम कमी झालं असेल.

मामांनी थेट विचारलं. शोभा नळावरून हंडा घेऊन येत होती आणि मध्येच हंडा खाली ठेवून भिंतीला टेकली. मामा ओट्यावरून उतरले.

"शोभाबाई, मशीन का थांबतंय?"

"काम नाय मामा."

"काम लई हाय. सुमनबाईचं ब्लाउज पंधरवडा झाला पडून हाय. दम लागतो का?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"रात्री आडवं झाल्यावर लागतो का बसल्यावर बरं वाटतं? पाय सुजतात? लहानपणी सांधे धरले होते का कधी? ताप आला होता का लई दिवस?"

तेवढ्यात अशोक बाहेर आला. टाळेबंदीनं त्याचं डोकं आधीच फिरलेलं. तो ओरडलाच, "तुमाला काय करायचंय? पॅसेंजर हाय का आमी तुमचे? आमच्या घरचं आमी बघू!"

सगळी गल्ली दारात आली. मामांनी मान हलवली, हंडा उचलून त्यांच्या उंबऱ्याशी ठेवला आणि घरी गेले. मला वाटलं, आता हा माणूस निदान त्या घराकडं तरी फिरकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अशोकच्या दारात उभे. "अशोक, तुमचा हा दोडक्याचा वेल कुणीकडनं आणला? बी कुठलं हाय?"

अशोकच्या आईनं मग स्वतःच माझ्या सासूबाईंजवळ मन मोकळं केलं. शोभाला सरकारी दवाखान्यात दाखवलेलं होतं. लहानपणच्या तापानं हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुण्याला जाऊन ऑपरेशन करा, लांबवू नका. अशोकनं तो कागद घडी घालून ठेवला आणि विषय बंद केला. आम्ही सगळे धरून चाललो की पैशाचा प्रश्न आहे, आणि पोरगा मानी आहे, हात पसरणार नाही. आपसांत चर्चा झाली. माझ्या मिस्टरांनी एकदा अशोकजवळ मदतीचा विषय काढून पाहिला. तो उठून निघून गेला.

मामांनी त्याला एका सकाळी विचारलं, "खुलताबादला येतो का माझ्यासंगं? काम हाय."

तिथं काय झालं ते मला अशोकनं फार नंतर सांगितलं. बसमध्ये घाट चढताना मामांनी त्याला साध्या आवाजात विचारलं होतं, "अशोक, तुला भ्या वाटतंय का?"

"तोपर्यंत समदे पैशाचंच इचारत होते ताई," अशोक मला म्हणाला. "हे कुणी इचारलंच नव्हतं." त्याच्या थोरल्या बहिणीला असंच मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. साधं ऑपरेशन म्हणाले होते. ती परत आलीच नाही. त्याला वाटायचं, शोभा इथं दमत दमत का होईना, पण आहे. तिथं नेली तर आपण आपल्या हातानं नेली असं होईल. हे सगळं त्यानं घाट संपेपर्यंत मामांना सांगितलं. मामांनी समजूत घातली नाही. फक्त विचारत राहिले: बहिणीचं नाव काय, कशी होती, तुझ्याहून किती मोठी.

खुलताबादला वेशीच्या आत हनीफभाईंचं बांगड्यांचं लहानसं दुकान. ते मामांच्या जुन्या गाडीचे नेहमीचे प्रवासी. मामांना पाहताच ते म्हणाले, "आओ आओ कंडक्टरसाब! आज वर्दी कां है?"

"वर्दी गेली. हनीफभाई, बच्ची कुठं हाय?"

"कौनसी? रुखसाना? खेलरी होंगी वहाँ. कायकू?"

मामांनी अशोकला पुढं केलं. "ह्यांला सांगा तिचं काय झालं होतं ते. समदं सांगा, भ्या वाटलं तेबी."

हनीफभाईंनी दुकानाची फळी पुसली, अशोकला बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. तीच झडप, तेच पुणे. "मैं तो बाहर बैठके रोरा था भाई. उसकी माँ मेरेकू समझारी थी. हौ, झूट कायकू बोलू? डर लगताइच है." तेवढ्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी चढावरून पळत आली, दुकानातल्या माठातलं पाणी घटाघटा प्यायली आणि आली तशी पळत सुटली. हनीफभाई मागून ओरडले, "आहिस्ता गे!" आणि मग अशोककडं बघून हसले. "अब ये बोलना पडता. पैले वो चार कदम नै चलती थी."

अशोक म्हणाला, "ताई, ती पोरगी माझ्या समोरनं पळाली अन् मला तिच्या पायांकडंच बघत ऱ्हावं वाटलं."

परत आल्यावर त्यानं घडी घातलेला कागद काढला.

पुढचं काम गल्लीचं होतं, आणि ते ठरवून वाटून कुणीच घेतलं नाही. टाळेबंदीनं घरी बसलेले कारखान्यातले कामगार आले, दूधवाली आली, आमच्या शाळेतले शिक्षक आले. ज्याला जे जमेल ते त्यानं अशोकच्या आईच्या हातात द्यावं असं चाललं. गंमत म्हणजे सगळ्या जगाला सगळं विचारणाऱ्या मामांनी कुणी काय दिलं हे कधी विचारलं नाही. कुणी सांगायला लागलं तर ते दोडक्याच्या वेलाकडं बघायचे. शोभाकडचे अर्धवट ब्लाउज मागच्या गल्लीतल्या एका शिंप्यानं नेऊन पूर्ण केले. नीता जेवायला सुमनबाईकडं आणि अभ्यासाला, म्हणजे खडूनं फरशी रंगवायला, माझ्याकडं असायची.

अडलं ते रक्तापाशी. पुण्याच्या डॉक्टरांनी कळवलं की ऑपरेशनच्या दिवशी ताजं रक्त लागेल, बी पॉझिटिव्ह, आणि देणारी माणसं तिथं हजर हवीत. त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की माणूस दोन पावलं मागं सरायचा. कमजोरी येते, पुन्हा भरत नाही, बायांनी तर देऊच नये, अशा एकेक समजुती. मामा घरोघर फिरायला लागले.

"रक्ताचा ग्रुप कुठला तुमचा?"

"आपला काय ग्रुप न्हाय मामा. आपण समद्यांत असतो," कोपऱ्यावरचा पानवाला प्रामाणिकपणे म्हणाला. त्याला निवडणुकीचं वाटलं होतं.

मामांनी कुणालाच 'द्या' म्हटलं नाही. ते विचारायचे, तुमाला कशाचं भ्या वाटतं? सुईचं का चक्करचं? उत्तर आलं की त्याच माणसाला घेऊन सरकारी दवाखान्यात जायचे आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्याच्या देखत तेच विचारायचे. त्या बाई आधी चिडल्या, मग हसायला लागल्या आणि शेवटी मामांना बघून खुर्ची पुढं करायला लागल्या. गल्ली तपासून निघाली. माझं जुळलं, माझ्या मिस्टरांचं नाही. पानवाल्याचं जुळलं. सुमनबाईचंही जुळलं, पण तिच्या अंगातच रक्त कमी निघालं आणि तिला परत पाठवलं. ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडली. "मी एवढी दळणं करते. मला कसं काय नाय म्हणतात?"

मामा तिच्या शेजारी बसले. "सुमनबाई, कधीपासून थकवा येतो?" तिनं पहिल्यांदाच त्यांना उत्तर दिलं, आणि बराच वेळ दिलं. त्या महिन्यापासून तिचं स्वतःचं औषधपाणी सुरू झालं.

शोभा, अशोक आणि त्याची आई आधीच पुण्याला गेली होती. आम्ही रक्त देणारे आदल्या दिवशी सकाळच्या बसनं निघालो. मामांचं जुळलेलं नव्हतं, आणि वयही बसत नव्हतं, पण ते आले. गाडीवरचा कंडक्टर त्यांच्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "साबळे साहेब, आज तुमी बसायचं. मी बघतो."

मामा बसले. गंगापूर फाट्यापर्यंतही त्यांना राहवलं नाही. उठून दांडा धरून उभे राहिले आणि सवयीनं मागं पुढं फिरायला लागले. "सरका जरा, बाईमाणसाला बसू द्या. तुमी कुठं उतरणार? अन् तुमी?" थोड्या वेळात अख्ख्या बसला आम्ही कुठं आणि कशासाठी चाललोय हे माहीत झालं. कुणी गूळशेंगदाणे पुढं केले, कुणी शोभाला मुलं किती म्हणून विचारलं. नगरला गाडी थांबली तेव्हा मागच्या बाकावरचा एक जवान, सुट्टी संपवून निघालेला, मामांना म्हणाला, "काका, माझा बी पॉझिटिव्ह हाय. आमाला लष्करात माहीत असतं."

"तुमाला कधी हजर व्हायचंय?"

"परवा."

"मग उद्या काय करणार हाय?"

तो जवान हसला आणि पुण्याला आमच्याबरोबर उतरला. बरं झालं उतरला, कारण पुण्यात पानवाल्याला कावीळ होऊन गेलेली निघाली आणि त्याला घेतलं नाही. जवान त्याच्या जागी आडवा झाला. त्याचं नाव आम्हाला माहीत होतं, गावही माहीत होतं, मामांमुळं. पुढं कधी तो भेटला नाही.

मी रक्त देऊन झाल्यावर बाकावर बसले होते. हातात चहाचा कप होता. समोर अशोक भिंतीला डोकं लावून उभा. मामा त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, आता काहीतरी विचारणार. त्यांनी विचारलं नाही. त्याच्या शेजारी तसेच पाय फाकवून उभे राहिले, दुपार उलटून डॉक्टर बाहेर येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "झालं. आता दोन दिवस काळजीचे आहेत." अशोक खाली बसला. मामांनी डॉक्टरांना झडप कशाची बसवली आहे, ती वाजते का, पुढं किती वर्षं टिकते असं विचारायला सुरुवात केली. डॉक्टर दमलेले होते, तरी भिंतीला टेकून त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली.

ते दोन दिवस सरले. तिसरा आठवडा लागायच्या आत शोभा गल्लीत आली. तिला रिक्षातून उतरवलं तेव्हा सुमनबाईनं गिरणी बंद ठेवली होती. आल्याआल्या काही मशीन सुरू झालं नाही. हिवाळा संपता संपता एका सकाळी मी वह्या घेऊन बसले होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला. आधी हळू, मग सलग. माझ्या हातातलं पेन थांबलं. खिडकीतून पाहिलं तर मामा आपल्या ओट्यावर कांदा चिरत होते. मान थोडी कलती करून, आवाजाच्या बाजूला कान केलेला.

ही गोष्ट झाल्यावर गल्लीत त्यांना कुणी टाळेनासं झालं. उलट लोक आपणहून जाऊन सांगायला लागले. त्यानं मामा थोडे खट्टू झाले असावेत असं मला वाटतं. न विचारता मिळालेल्या उत्तरात त्यांना तेवढी गोडी नसायची. मग ते उपप्रश्न काढायचे.

त्यांच्याशी शेवटचं निवांत बोलणं झालं ते मुकुंदवाडीच्या स्टेशनावर. त्या गोष्टीला बरीच वर्षं होऊन गेली होती. नीता कॉलेजला जायला लागली होती. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीला निघाले होते आणि मामा बाकावर बसलेले. ते हल्ली रोज संध्याकाळी तिथं येऊन बसतात, उतरणाऱ्यांशी बोलतात, हे मला ठाऊक होतं. फार वाळले होते. मला बघून सरकले आणि जागा करून दिली. वडिलांची तब्येत कशी, बहिणीच्या मुलीचं जमलं का, सगळं विचारून झालं. मग ते रुळांकडं बघत बसले.

तेव्हा माझ्या मनात आलं की ह्या माणसाला माझ्या घरची फोडणी माहीत आहे, आणि मला ह्यांचं गावही माहीत नाही. गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "मामा, तुमचं गाव कुठलं?"

त्यांनी वळून पाहिलं. बोटं एकमेकांवर दाबायची थांबली. "माझं?"

"हो. आणि घरी कोण कोण होतं?"

त्यांनी घसा साफ केला. "डोंगराच्या पायथ्याशी हाय आमचं गाव, सोयगावच्या अलीकडं. लई ल्हान. विहिरीवर एक उंबर होता, त्याच्यावर पोपट यायचे. माय माझी त्यांला शिव्या द्यायची अन् त्यांच्यासाठी दाणेबी टाकायची. पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी एवढासा होतो, समदा गाव भ्यानं रानात जाऊन ऱ्हायला होता. माय म्हणली, मी नाय येत. आता माझ्या पोपटांला कोण बघणार?"

ते हसले. मीही हसले. लांबून पॅसेंजरचा भोंगा ऐकू आला. गाडी येऊन थांबली. दारात गर्दी झाली, माणसं चढली. मामा बोलता बोलता थांबले आणि माझ्या पिशवीकडं हात करून म्हणाले, "तुमची गाडी, ताई."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "मग राहिली का आई गावात?"

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं, बाकावर दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली आणि पुढं सांगायला लागले.